‘लातूर’चे तीन तुकडे: प्रोग्रामिंगच्या भाषेला मराठीची मात्रा का दिसत नाही?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर चारच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, पायथन या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेची ३.१३ ही नवी आवृत्ती बाहेर पडली. या दोन बातम्या एकत्र वाचण्याचं तेव्हा काही कारण नव्हतं. पण एक साधा प्रयोग करून पाहिला की कारण सापडतं.

पायथनला सांगायचं, की या मजकुरातले शब्द वेगळे काढून दे. हे काम प्रत्येक प्रोग्रामर कधी ना कधी करतो. त्यासाठी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ नावाची एक खूण असते. तिचा अर्थ ‘शब्दात येऊ शकणारं कोणतंही चिन्ह’. रोमन लिपीतलं लातूर दिलं तर पायथन एक अख्खा शब्द परत देते. देवनागरीतलं ‘लातूर’ दिलं की तीन तुकडे मिळतात: ल, त, र. ‘नांदेड’ दिलं की न, द, ड. काना, उकार, मात्रा, अनुस्वार सगळं गायब.

आता हीच चाळणी दोन्ही जिल्ह्यांना लावू. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० असे एकूण २६ तालुके आहेत. त्यांतलं एकही नाव अखंड बाहेर पडत नाही. ‘देगलूर’चं द, गल, र होतं. ‘किनवट’चं क आणि नवट. ‘हिमायतनगर’चं ह, म, यतनगर. सांगलीचं ‘जत’ तेवढं सहीसलामत सुटतं, कारण त्याला ना काना ना मात्रा.

हसून सोडून देण्यासारखं आहे का?

तुकडे झाले की निदान दिसतं तरी. खरा घोटाळा न दिसणाऱ्या ठिकाणी आहे.

नांदेड जिल्ह्यातला उमरी तालुका घ्या. समजा, हजारभर बातम्यांमध्ये किंवा एखाद्या सरकारी यादीत ‘उमरी’ हा शब्द किती वेळा आला, हे शोधायचं आहे. दुसऱ्या शब्दाचा तुकडा चुकून मोजला जाऊ नये म्हणून प्रोग्रामर ‘अख्खा शब्दच शोध’ अशी अट घालतो. त्यासाठीही एक खूण आहे, तिला शब्दसीमा म्हणू. एका बाजूला शब्दातलं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला शब्दाबाहेरचं चिन्ह असलं की तिथे सीमा, असा तिचा नियम.

पायथनच्या लेखी ‘उमरी’तली शेवटची वेलांटी शब्दाबाहेरची आहे. तिच्या पुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची. म्हणजे तिथे सीमाच नाही. परिणाम असा, की ‘उमरी तालुका’ या मजकुरात ‘उमरी’ हा अख्खा शब्द शोधला तर उत्तर येतं: सापडला नाही. ‘उमर’ शोधला तर मात्र सापडतो. आणि ‘उमरीला’ असं लिहिलेलं असेल तर त्यात ‘उमरी’ सापडते, कारण वेलांटीनंतर ‘ला’मधला ल येतो आणि तिथे सीमा तयार होते. जिथे शब्द पूर्ण आहे तिथे नाही, जिथे त्याला प्रत्यय चिकटलाय तिथे आहे. नेमकं उलटं.

काना, मात्रा किंवा वेलांटीवर संपणारी उमरी, लोहा, बिलोली, औसा, निलंगा, देवणी ही सहाही तालुक्यांची नावं या सापळ्यात अडकतात. लाल अक्षरांत कुठलीही एरर येत नाही. प्रोग्राम व्यवस्थित चालतो, चुकीचा आकडा देतो आणि तो आकडा कुणाच्या तरी अहवालात जाऊन बसतो.

नावांच्या फॉर्मचंही तेच. ‘या रकान्यात फक्त अक्षरं आहेत ना?’ हे तपासायला पायथनमध्ये एक तयार सोय आहे. ती ‘कमल’ला हो म्हणते, ‘सुनीता’ला नाही म्हणते. फॉर्म बनवणाऱ्याने ती जशीच्या तशी वापरली तर सुनीताबाईंना स्क्रीनवर दिसतं, की कृपया फक्त अक्षरं टाका.

दोष नेमका कुठे आहे?

यासाठी पायथनच्या पोटात शिरावं लागतं. ते शक्य आहे, कारण ही भाषा मुक्तस्रोत आहे. तिचा सगळा कोड कुणालाही मोफत वाचता येतो आणि बदल सुचवता येतो. सीमध्ये लिहिलेल्या तिच्या मूळ रूपाला सीपायथन म्हणतात.

जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला युनिकोड या व्यवस्थेत एक क्रमांक आहे. क्रमांकासोबत एक प्रवर्गही असतो: हे अक्षर, हा अंक, हे विरामचिन्ह, ही ‘खूण’. क, ख, ग, अ, आ हे ‘अक्षर’ प्रवर्गात येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पायमोडका हे मात्र ‘खूण’ प्रवर्गात, कारण ते एकटे उभे राहत नाहीत, कुणाच्या तरी अंगावर बसतात.

इथपर्यंत ठीक आहे. पायथन तयार होताना युनिकोडच्या फायली वाचून एक मोठं कोष्टक बनवलं जातं. ते बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये साध्या शब्दांत एवढंच लिहिलंय, की अक्षरांचे जे पाच उपप्रवर्ग आहेत त्यांनाच ‘वर्ण’ असा शिक्का मारायचा. खुणांना शिक्का नाही. पुढे ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ तोच शिक्का बघते: वर्ण किंवा अंक किंवा अंडरस्कोर असेल तर शब्द, नाहीतर नाही.

युरोपातल्या भाषांना हे टोचत नाही. फ्रेंचमध्ये डोक्यावर रेघ असलेला ‘ई’ बहुतेक वेळा रेघेसकट एकाच क्रमांकाचं अक्षर म्हणून लिहिला जातो, त्यामुळे तो अक्षर प्रवर्गातच बसतो. देवनागरीत ‘की’साठी वेगळा क्रमांक नाही. तिथे क आहे आणि पुढे वेलांटी आहे. बंगाली, तेलुगू, तमिळ, कन्नड या सगळ्यांची अडचण हीच.

यात युनिकोडचा दोष आहे असंही म्हणता येत नाही. युनिकोडच्याच दुसऱ्या एका रकान्यात काना-मात्रांसमोर ‘वर्णमालेतलं चिन्ह’ असा स्पष्ट शेरा आहे. शिवाय शब्दशोधाच्या खुणांसाठी युनिकोडचं एक स्वतंत्र तांत्रिक मानक आहे. त्यात ‘शब्दातलं चिन्ह’ ठरवताना खुणाही धराव्यात, असं सुचवलंय. पर्ल ही जुनी भाषा तसं करते. रस्ट या नव्या भाषेसोबत वापरलं जाणारं शोधाचं पॅकेजही तसंच करतं. तिथे ‘लातूर’ अख्खं राहतं. जावास्क्रिप्टमध्ये तर ही खूण फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यांनाच ओळखते, त्यामुळे लातूरचे तुकडेही हाती लागत नाहीत.

म्हणजे पायथनला मराठी येतच नाही?

येते, आणि हीच यातली सगळ्यात गमतीची गोष्ट.

२००८ च्या डिसेंबरमध्ये पायथन ३ आली. तेव्हापासून प्रोग्राममधल्या चलांना, म्हणजे व्हेरिएबलना, देवनागरी नावं देता येतात. एखाद्या चलाला ‘नांदेड’ हे नाव दिलं, त्यात आकडा ठेवला, बेरीज केली, तर सगळं बिनबोभाट चालतं. ‘हे वैध नाव आहे का?’ असं पायथनलाच विचारलं तर ती ‘हो’ म्हणते.

मराठी आकडेही तिला कळतात. ‘४१३५१२’ हा लातूरचा पिनकोड देवनागरी अंकांत टाइप करून दिला, तर ती त्याचं संख्येत रूपांतर करून देते.

मग नाव म्हणून चालणारा ‘नांदेड’ शब्द म्हणून का चालत नाही? कारण वर उल्लेख केलेल्या त्याच कोष्टकात आणखी एक शिक्का आहे: ‘नावाच्या मध्ये किंवा शेवटी चालेल’. हा शिक्का युनिकोडच्या वेगळ्या फाइलवरून मारला जातो आणि तो काना-मात्रांना मिळालेला आहे. एकाच कोष्टकात, एकाच वेलांटीसमोर, एक खूण आहे आणि एक नाही. आधारवर नाव आहे, रेशन कार्डावर नाही, असा प्रकार.

हे कुणाच्या लक्षात आलंच नाही?

आलं. एप्रिल २००७ मध्ये पायथनच्या दोषनोंदवहीत १६९३०५० क्रमांकाची एक तक्रार दाखल झाली. तक्रारदाराने चक्क देवनागरीचंच उदाहरण दिलं होतं: देवनागरी मजकुरातले शब्द शोधायला गेलं की त्यांचे बारीक तुकडे पडतात, आणि बहुधा काना वगैरे चिन्हं शब्दात धरली जात नसल्यामुळे हे होतंय. निदान अचूक होतं. योगायोग म्हणजे मराठी नावांच्या चलांना वाट मोकळी करून देणारा प्रस्तावही त्याच वर्षी मंजूर झाला.

यानंतर पायथनच्या डझनाहून जास्त आवृत्त्या आल्या. २०२२ मध्ये सगळ्या तक्रारी गिटहबवर हलवल्या गेल्या. अभिजात दर्जाच्या आठवड्यात आलेल्या ३.१३ मध्ये युनिकोडचं कोष्टक १५.१ आवृत्तीपर्यंत अद्ययावत झालं. पण ‘वर्ण’ शिक्क्याची व्याख्या आहे तिथेच आहे.

याला निव्वळ दुर्लक्ष म्हणणं सोपं, पण अर्धवट ठरेल. भाषेच्या पोटातला दोष दुरुस्त करणं हे ॲपमधली चूक सुधारण्यासारखं नसतं. त्या व्याख्येवर जगभरातले असंख्य प्रोग्राम उभे आहेत. उद्या खुणांना शब्दात घेतलं तर बँकेच्या, हॉस्पिटलच्या, कारखान्याच्या कुठल्यातरी प्रणालीत काल एक उत्तर देणारी ओळ आज वेगळं देईल, आणि तेही एरर न दाखवता. म्हणून अशा भाषा सांभाळणारे लोक जुनी वागणूक बदलायला फार कचरतात. पायथन २ वरून ३ वर जाताना झालेली ओढाताण या मंडळींनी पाहिली आहे. बदल करायचा तर जुनी खूण तशीच ठेवून नवी द्यायची, की पर्याय म्हणून एखादी कळ द्यायची, की सगळ्यांसाठी बदलून टाकायचं, यातली प्रत्येक वाट कुणाला तरी त्रास देते.

तरीही एक प्रश्न उरतोच. इंग्रजीतल्या प्रत्येक शब्दाचे असे तुकडे पडत असते, तर ती तक्रार इतकी वर्षं पडून राहिली असती का? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहेत. हिंदी, बंगाली, तेलुगू, तमिळ धरले तर काही पटींनी जास्त. एवढ्यांच्या लिपीचा प्रश्न ‘विशेष बाब’ म्हणून बाजूला राहतो, कारण तो रोज ज्यांना छळतो ते बहुतेक जण इंग्रजीतून प्रोग्राम लिहितात आणि चाचणीसाठीही इंग्रजीच मजकूर वापरतात.

‘नवीन’ नापास का होतो?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या हद्दीत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे येतात. इथल्या कॉलेजांतही, सगळीकडे असतो तसा, कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलमध्ये एक ठरलेला प्रोग्राम असतो: दिलेला शब्द उलटा करा आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा वाचता येतो का ते सांगा. तो मराठीत करून पाहण्यासारखा आहे. ‘कडक’ पास होतो. ‘नवीन’ नापास. माणसाच्या डोळ्याला तो न-वी-न दिसतो. पायथनला न, व, वेलांटी, न अशी चार चिन्हं दिसतात आणि उलटं केल्यावर ‘नीवन’ होतं. ‘लातूर’चं ‘रूताल’ होतं. ‘नांदेड’ उलटा केला तर मधला काना अनुस्वाराच्या मागे एकटा पडतो आणि बऱ्याच स्क्रीनवर तुटक ठिपक्यांच्या गोलासह दिसतो.

पण मग ‘नांदेड’ किती अक्षरी? शाळेतलं मूल सांगेल, तीन. पायथन सांगते, सहा. गो आणि रस्ट या भाषांतलं नेहमीचं लांबीचं माप सांगतं अठरा, कारण त्या बाइट मोजतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेहमीच्या साठवणुकीत तीन बाइट घेतं. स्विफ्ट, म्हणजे आयफोनची ॲप्स ज्या भाषेत लिहितात ती, सांगते, तीन. स्विफ्ट ‘डोळ्याला एक दिसतं ते एक’ या हिशोबाने मोजते.

हा हिशोबही अगदी अलीकडेपर्यंत मराठीला पुरता लागू होत नव्हता. ‘महाराष्ट्र’ घ्या. म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं. पण युनिकोडच्या जुन्या नियमात पायमोडक्यानंतर तुकडा पडायचा, त्यामुळे ष्, ट्, र वेगळे मोजले जाऊन सहा व्हायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने नियम बदलला आणि देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू, मल्याळम या लिप्यांची जोडाक्षरं एकत्र धरली जाऊ लागली. १९९१ पासूनच्या मानकाला ‘ष्ट्र’ हे एक अक्षर आहे हे मान्य करायला २०२३ उजाडलं. आणि मानक बदललं म्हणजे सगळीकडे बदल झाला असंही नाही. प्रत्येक भाषा आपापल्या वेगाने नवा नियम उचलते, म्हणून आज दोन फोनवर एकाच शब्दाची अक्षरसंख्या वेगळी येऊ शकते.

या विषयावर सातत्याने लिहिणाऱ्यांमध्ये एक मराठी आडनाव ठळक आहे: मनीष गोरेगावकर. आयआयटी मुंबईत शिकलेले, पूर्वी मोझिलात असलेले गोरेगावकर रस्ट भाषेच्या घडणीत सहभागी राहिले आहेत. युनिकोडच्या एकेका क्रमांकाला ‘अक्षर’ समजू नका, असं त्यांनी २०१७ मध्येच मांडलं होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतला एक छोटासा मजकूर आला की आयफोनची ॲप्स बंद पडू लागली, तेव्हा त्यांनी त्या दोषाची फोड करून दाखवली. दोष फक्त तेलुगूत नव्हता. जोडाक्षर, त्यानंतर एक अदृश्य चिन्ह आणि मग स्वरचिन्ह असा ठरावीक क्रम आला, की देवनागरी आणि बंगालीतही तो उद्भवू शकत होता.

शेतकऱ्यांचा ‘ऱ्य’

अदृश्य चिन्हाचा विषय मराठीत एका खास ठिकाणी येतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य हिंदीवाल्यांना लागत नाही, मराठीला लागतो. तो दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि पायमोडका. दुसऱ्या, जुन्या प्रकारात साधा र, पायमोडका आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. पायथनच्या हिशोबाने मात्र एका ‘शेतकऱ्यांना’मध्ये ११ चिन्हं, दुसऱ्यात १२, आणि दोन्ही शब्द वेगळे. युनिकोडमध्ये सारख्या दिसणाऱ्या लिखाणाला एकाच साच्यात आणण्याची ठरलेली पद्धत आहे, पण या जोडीला ती एकत्र आणत नाही.

एका खात्याची यादी पहिल्या प्रकारे आणि दुसऱ्या खात्याची दुसऱ्या प्रकारे टाइप झालेली असेल, तर दोन्ही जुळवताना ‘पुजाऱ्यांची वाडी’ सारखं नाव जुळणारच नाही. ऑपरेटर दहा वेळा डोळे ताणून बघेल, त्याला फरक दिसणार नाही.

एआयच्या काळात याने काय फरक पडतो?

थेट खिशाला. चॅटबॉटमागची मॉडेल्स मजकुराचे आधी तुकडे पाडतात, त्यांना टोकन म्हणतात. सेवा व्यावसायिकपणे वापरणाऱ्यांना टोकनांनुसार पैसे मोजावे लागतात. ओपनएआयच्या २०१९ मधल्या जीपीटी-२ मध्ये मजकूर तोडण्याच्या सूत्रात फक्त ‘अक्षर’ प्रवर्ग होता, ‘खूण’ नव्हती. म्हणजे मराठी शब्द आधीच काना-मात्रांवर फुटायचा. मे २०२४ मध्ये आलेल्या जीपीटी-४ओ च्या सूत्रात खुणा आल्या, सोबत टोकनांचा संग्रहही मोठा झाला. कंपनीने तेव्हा दिलेल्या उदाहरणात मराठीतलं एकच वाक्य आधी ९६ टोकन घेत होतं, नंतर ३३. यात सूत्राचा वाटा किती आणि संग्रहाचा किती, हे वेगळं करता येत नाही, पण दुरुस्ती होऊ शकते एवढं नक्की दिसलं.

तोवर काय करायचं?

पायथनमध्ये मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं पॅकेज मोफत मिळतं. त्यात तीच बॅकस्लॅश डब्ल्यू ‘लातूर’ला अख्खा शब्द मानते, आणि डोळ्याला दिसतं तसं एकेक अक्षर वेगळं काढायची खूणही आहे. ‘फक्त अक्षरं’ तपासताना खुणांचा प्रवर्ग हाताने जोडावा लागतो. याद्या जुळवण्याआधी जुन्या प्रकारचा ‘ऱ्य’ नव्यात बदलून घ्यावा लागतो.

हे सगळं माहीत असलेल्याला दहा मिनिटांचं काम आहे. अडचण एवढीच, की नांदेड-लातूरमध्ये पहिल्यांदा प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला ‘उमरी’ सापडत नाही तेव्हा चूक आपलीच आहे असं वाटतं, आणि तो रोमन लिपीत लिहून काम पुढे रेटतो. त्याने तसं केलं, की दोषनोंदवहीत काहीच पोहोचत नाही.